मूळ गाव विचारणारे शहर : फुटपाथ, कायदा आणि मराठी साहित्य

साठोत्तरी मराठी साहित्यात मुंबईचा तळ दिसू लागला, हे आपल्या समीक्षेने पुरेसे नोंदवले आहे. जयवंत दळवींची ‘चक्र’ आणि बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही दोन्ही पुस्तके १९६३ ची. पुढे भाऊ पाध्यांची ‘वासुनाका’ आली, १९७२ मध्ये नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला. मराठी वाचकाला झोपडपट्टी आणि वेश्यावस्ती परिचयाची झाली ती या पुस्तकांमुळे. माझा प्रश्न त्याहून एक पायरी खालचा आहे. ज्याला झोपडपट्टीतही जागा नाही, जो देशातल्या सर्वांत श्रीमंत शहरात फुटपाथवर झोपतो, त्याच्याकडे आपण काय म्हणून पाहतो? माझ्या वाचनातून निघालेले उत्तर असे : आपण त्याचे दुःख पाहतो, त्याचे काम पाहत नाही. आणि ज्याचे काम दिसत नाही, त्याला ‘गावी परत जा’ म्हणणे फार सोपे असते.

ही दृष्टी केवळ साहित्याची नाही, कायद्याचीही आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने भटकणाऱ्या अनेक समाजांना जन्मतःच संशयित ठरवले. तो १९५२ मध्ये रद्द झाला. त्यानंतर सातच वर्षांनी, १९५९ मध्ये, मुंबई राज्याचा भिक्षाप्रतिबंधक कायदा आला. उपजीविकेचे दृश्य साधन नसताना सार्वजनिक जागी फिरणारा किंवा थांबणारा माणूस भिकेवर जगत असावा असे वाटले, तर तोही त्यात भिकारी ठरतो. त्याला वॉरंटशिवाय पकडता येते. गंमत अशी की हातात खराटा आणि मडके घेऊन जन्मभर रस्त्यावर फिरलेले गाडगेबाबा त्याआधी तीनच वर्षांपूर्वी, १९५६ मध्ये गेले होते. त्यांनी निराधारांसाठी धर्मशाळा बांधल्या. आपण त्यांच्या तसबिरी भिंतीवर लावल्या आणि त्यांच्यासारखे दिसणाऱ्याला पोलिसांच्या हवाली करणारा कायदा केला.

जुलै १९८१ मध्ये मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी जाहीर केले की फुटपाथवरच्या व झोपड्यांतल्या लोकांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठवावे. भर पावसात झोपड्या पडल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १० जुलै १९८५ रोजी ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल लागला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी पाच न्यायमूर्तींच्या पीठातर्फे लिहिलेले हे निकालपत्र मी साहित्यकृती वाचावी तसे वाचतो, कारण त्यात माणसे आहेत. सेलमहून दुष्काळामुळे आलेला एक भूमिहीन मजूर आहे. त्याची झोपडी पाडून त्याला कुटुंबासह बसने सेलमला धाडले. बायकामुलींना तिथे ठेवून तो कामासाठी पुन्हा मुंबईला आला आणि पुन्हा फुटपाथवरच राहिला.

न्यायालयाने त्याचे म्हणणे नीट ऐकले. हे लोक गुन्हेगार नव्हेत, काम जिथे आहे तिथे झोपणे त्यांना भाग आहे, उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे म्हटले. आणि शेवटी? १८८८ च्या महापालिका कायद्याचे कलम ३१४ वैध ठरले. हटवणे योग्य, फक्त पावसाळा जाऊ द्या, ३१ ऑक्टोबरपर्यंत थांबा. १९७६ च्या गणनेची ओळखपत्रे असलेल्यांना पर्यायी जागा द्यायला सांगितले. बाकीच्यांच्या वाट्याला समजूतदारपणा आला, जागा आली नाही.

आपल्या वाचनाचेही असेच होते. ‘चक्र’वरचा रवींद्र धर्मराज यांचा चित्रपट १९८१ चाच. लोकार्नो महोत्सवात त्याला सर्वोच्च पुरस्कार मिळाला, स्मिता पाटील यांच्या भूमिकेचे कौतुक झाले. पडद्यावर अखेरीस झोपड्या पाडल्या जातात आणि प्रेक्षक सुन्न होतो. पण ‘चक्र’ या शब्दातच नियती आहे. जे चक्र आहे ते फिरणारच, त्याला कोणी जबाबदार नसते. त्याच वर्षी मुंबईत ज्या झोपड्या पडल्या त्यांच्यामागे मात्र आदेश होता, तारीख होती, कलम होते. दळवींच्या करुणेबद्दल मला शंका नाही. ती करुणा प्रशासकीय निर्णयाला दैव करून टाकते, ही माझी तक्रार आहे.

‘मूळ गाव’ म्हणजे काय, हे मी सानगडीत राहून पाहतो. आमचा भाग धानाचा. रोवणीला हात पुरत नाहीत. कापणी आणि चुरणे आटोपले की ज्याच्या नावावर बांधी नाही, त्याला गावात काम उरत नाही. तो नागपूरला जातो, त्याहून दूरही जातो. कवेलूच्या घराला कुलूप असते. म्हणजे गावात घर आहे पण काम नाही, आणि शहरात काम आहे पण घर नाही. त्याला परत पाठवा म्हणणारा त्याला कुलपापाशी नेऊन सोडतो. २०११ च्या जनगणनेत बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली आणि देशभरात ती सुमारे १७.७ लाख भरली. आमच्याकडे हे दिवस घरे कुलूपबंद असण्याचेच.

हा माणूस आतून दिसतो तो महानगरी कादंबरीत नव्हे. तो नारायण सुर्व्यांच्या ‘माझे विद्यापीठ’मध्ये (१९६६) दिसतो. गिरणी कामगाराने उचलून वाढवलेला, गिरणीत राबलेला, शाळेत शिपाई आणि मग शिक्षक झालेला हा कवी. त्याच्यासाठी रस्ता ही शिकण्याची आणि राबण्याची जागा होती. तो लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’त (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’तही (१९८७) दिसतो. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपण बदली झालेल्या कारकुनाबद्दल हसत वापरतो. ‘उपरा’त ते बिऱ्हाड गाढवाच्या पाठीवर आहे आणि ते उतरवायला गाव परवानगी देत नाही. त्याच वेळी टोपल्या विणणारे हातही तिथे आहेत. दुःख आणि कसब एकाच ओळीत आहे.

समीक्षेने मात्र ‘चक्र’ला महानगरी खणात आणि ‘उपरा’ला भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांच्या खणात ठेवले. त्यामुळे ही पुस्तके समोरासमोर कधी आलीच नाहीत. ती शेजारी ठेवून, मध्ये १९५९ चा कायदा आणि १९८५ चे निकालपत्र ठेवून वाचली, तर एकच माणूस चार ठिकाणी दिसतो : कायद्यात संशयित, निकालात समजून घेऊन हटवलेला, कादंबरीत दैवाचा बळी आणि आत्मकथनात कामकरी. पहिल्या तिघांना त्याचे मूळ गाव हवे आहे. चौथ्यात तो स्वतः सांगतो की मी काय करतो. मराठीत ‘हातावर पोट’ हा शब्दप्रयोग आहेच. फुटपाथवरच्या माणसाविषयी लिहिताना आणि वाचताना आपण पोटाइतकेच हातांकडे पाहिले, तर त्याला कुठे पाठवायचे यापेक्षा तो जिथे राबतो तिथे त्याने झोपावे कुठे, हा प्रश्न आपल्याला आधी पडेल.