एक वातावरण, दोन करार : मॉन्ट्रियल आणि क्योटो यांच्या तुलनेची चिकित्सा

ओझोन थराच्या संरक्षणासाठीचा मॉन्ट्रियल करार (१९८७) यशस्वी आणि हवामानबदलविषयक क्योटो करार (१९९७) अयशस्वी, असा निष्कर्ष पर्यावरणविषयक लेखनात वारंवार काढला जातो. तो निराधार नाही. मॉन्ट्रियल कराराने सहभागी नसलेल्या देशांशी नियंत्रित रसायनांचा व्यापार करण्यावर निर्बंध घातले. १९९० च्या लंडन बैठकीत विकसनशील देशांसाठी बहुपक्षीय निधीची तरतूद झाली. भारत १९९२ मध्ये या करारात सामील झाला. क्योटो करार मात्र २००५ मध्ये अमलात आला. अमेरिकेने त्यास मान्यता दिली नाही आणि कॅनडाने २०११ मध्ये माघार जाहीर केली.

तथापि, ही तुलना अपुरी आहे. दोन करारांची कार्यक्षेत्रे वेगळी असली तरी वातावरण एकच आहे. क्लोरोफ्लुरोकार्बनचा वापर घटू लागल्यावर शीतकरण उद्योग एचसीएफसी व एचएफसी या पर्यायांकडे वळला. एचएफसी वायू ओझोनचा नाश करीत नाहीत. परंतु ते तीव्र हरितगृह वायू आहेत. एका कराराचे यश अशा रीतीने दुसऱ्या कराराची समस्या बनले.

ही विसंगती एचएफसी-२३ च्या बाबतीत स्पष्ट दिसते. एचसीएफसी-२२ तयार करताना हा वायू उपपदार्थ म्हणून निर्माण होतो. क्योटोच्या हिशेबात त्याचा एक टन ११,७०० टन कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा होता. त्यामुळे तो जाळून नष्ट करणाऱ्या भारत व चीनमधील कारखान्यांना कार्बन क्रेडिट मिळू लागली. जाळण्याचा खर्च अल्प आणि क्रेडिटचे मूल्य मोठे असल्याने, जे रसायन मॉन्ट्रियल कराराला हद्दपार करायचे होते, त्याचेच उत्पादन टिकवून ठेवण्याचे प्रलोभन क्योटोच्या यंत्रणेतून निर्माण झाले. युरोपीय संघाने २०१३ पासून अशी क्रेडिट स्वीकारणे थांबविले.

२०१६ च्या किगाली दुरुस्तीने एचएफसी वायू मॉन्ट्रियल कराराच्या कक्षेत आणले. भारताने २०२१ मध्ये तिला मान्यता दिली. भारताची टप्प्याटप्प्याची कपात २०३२ पासून सुरू होऊन २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांवर जावयाची आहे. ही दुरुस्ती स्वागतार्ह असली, तरी मूळ करारानंतर तिला जवळजवळ तीन दशके लागली, हे नजरेआड करता येत नाही.

मॉन्ट्रियलला आदर्श ठरविताना आणखी एक मर्यादा लक्षात घ्यावी लागते. तेथे मोजकी रसायने आणि मोजके उत्पादक होते. कोळसा व खनिज तेल हे तर संपूर्ण अर्थव्यवस्थेचे आधार आहेत. म्हणून कराराचे मूल्यमापन केवळ त्याच्या यादीतील पदार्थ किती घटले यावरून न करता, त्यांच्या जागी काय आले, यावरूनही झाले पाहिजे.