न सांगितलेले धरणगाव : 'वाडा' त्रयीतील अभय

महेश एलकुंचवारांच्या 'वाडा' त्रयीवर लिहिणारे बहुधा वाड्यापासूनच सुरुवात करतात. ढासळते सरंजामी घर, गेलेली जमीन, न सुटणारा तोरा. हे सारे नाटकात आहेच. पण मला सुरुवात करायची आहे ती 'वाडा चिरेबंदी'त रंगमंचावर येतच नाही अशा पात्रापासून. सुधीर आणि अंजली यांचा मुलगा, अभय.

तात्याजी वारल्यावर सुधीर मुंबईहून धरणगावला येतो. तेराव्याचा खर्च, हिस्से, घरातले सोने यांवरून भास्करशी त्याचे जे होते ते आपण प्रेक्षक पाहतो. अभय पाहत नाही. सुधीर परत जाऊन मुलाला यातले काय सांगेल? तेरावे कसे थाटात झाले, एवढेच कदाचित. अंगणात गंजत पडलेल्या ट्रॅक्टरविषयी, शिकू न दिलेल्या प्रभाविषयी, राबराब राबणाऱ्या चंदूविषयी तो सांगेल असे वाटत नाही. गाव सोडलेल्या बापांचे मौन असेच असते. त्यात लाज असते, माया असते, आणि 'पोराला काय करायचेय' हा वैदर्भीय तुटकपणाही.

म्हणून वहिनीचा दागिन्यांचा प्रवेश मला त्रयीचे मर्म वाटतो. रात्री वहिनी घराण्याचे सारे सोने अंगावर चढवते. वारसा इथे बोलला जात नाही, तो नेसला-ल्याला जातो; काही क्षण ती आजवरच्या साऱ्या देशपांडे सासवा-सुना होते. पुढे तेच सोने घेऊन रंजू पळते. पुढच्या पिढीच्या हाती वारसा आला तो असा, चोरून. नाटकाचे हिंदी रूप 'विरासत' या नावाने झाले. ते नाव उगीच सुचलेले नाही.

विजया मेहतांनी 1985 साली 'वाडा' केले, तेव्हा ते एकटे नाटक होते आणि अभय म्हणजे नुसता उल्लेख होता. 'मग्न तळ्याकाठी'त तो प्रत्यक्ष येतो. पराग आणि तो, एकाच आजोबांचे दोन नातू. एकाला गावाचा वीट आलेला, दुसऱ्याला त्याची ओढ, आणि दोघांचेही गाव वेगळे. चंद्रकांत कुलकर्णींनी 1994 मध्ये तिन्ही नाटके सलग केली, तेव्हा प्रेक्षकाची गंमत अशी झाली की अभयला जे कधी कळणार नाही ते मनात घेऊन त्याला अभयकडे पाहावे लागले. मुलाच्या वाट्याची आठवण प्रेक्षकाने सांभाळायची. एकेकटे नाटक पाहून हे साधत नाही.

आता एक आडवाट. एलकुंचवारांचा जन्म 1939 चा, पारव्याचा. पुढचे आयुष्य नागपुरात, इंग्रजी शिकवण्यात. त्यांचे पूर्वज तेलुगूभाषक. आपल्याकडे कन्नमवार, मुनगंटीवार, वडेट्टीवार अशी कितीतरी आडनावे आहेत. त्यांतला 'वार' तेलुगूतल्या आदरार्थी 'वारु'शी जोडला जातो. तो आपण रोज उच्चारतो आणि ऐकत नाही. त्रयीत मात्र घर देशपांडेंचे, बोली वऱ्हाडी. तेलुगूचा मागमूस नाही. यावरून लेखकाने काही दडवले असा निष्कर्ष काढणे उथळपणाचे होईल. नोंदवायचे ते इतकेच की घराण्याच्या मुळाविषयी इतके लिहिणाऱ्या नाटककाराच्या आडनावातच एक आणखी जुने, न बोललेले गाव आहे.

'युगान्त' मला तिन्हींत नाट्यदृष्ट्या सैल वाटते. चर्चा फार, घटना थोडी. तरी ते हवेच होते. परदेशातून अभय धरणगावी परततो तेव्हा दुष्काळ आहे, वाडा पडला आहे, सांगू शकणारी वडीलधारी माणसे नाहीत. उरला आहे पराग. दोघे चुलतभाऊ बोलत राहतात, आणि बापांनी एकमेकांशी जे बोलायचे राहून गेले होते ते त्यांच्या तोंडी येते, बरेच उशिरा आणि बरेचसे परक्या शब्दांत.