शब्दांवाचून

‘पिंक फ्लॉइड’ या इंग्रज रॉक वाद्यवृंदाची ‘द डार्क साइड ऑफ द मून’ ही १९७३ ची तबकडी. तिच्यातल्या दहा रचनांपैकी सर्वांत सरस कोणती, हा शौकिनांचा वाद अजून मिटलेला नाही. कोणी घड्याळांच्या गजराने सुरू होणाऱ्या ‘टाइम’चा कैवार घेतो, कोणी नाण्यांच्या खणखणाटावर सात मात्रांत चालणाऱ्या ‘मनी’चा.

माझे मत पहिल्या बाजूच्या अखेरीस येणाऱ्या ‘द ग्रेट गिग इन द स्काय’ला. मी कादंबरीकार, त्यातून मास्तर; शब्दांवरच माझे पोट. इथे क्लेअर टोरी एकही शब्द गात नाही. रिचर्ड राइटच्या पियानोवर नुसता तिचा स्वर आक्रंदतो, थकतो, शेवटी निवतो. मरणाविषयी मीही पाने भरली आहेत. इतके खरे एकही उतरले नाही.

ही सुरावट तिने आयत्या वेळी रचली, आणि मेहनताना मिळाला तीस पौंड! राइटच्या जोडीला रचनाकार म्हणून तिचे नाव लागले ते दावा लावल्यावर, २००५ च्या तडजोडीने. तेव्हा वाचकहो, गाणे कोणते सरस, हे अवश्य भांडा. पण ते कोणाचे, हेही विचारा.