हापशाचा दांडा आणि मरीआईचा गाडा

मराठीतल्या लोकप्रिय विज्ञानलेखनात जॉन स्नो या इंग्रज डॉक्टरची गोष्ट हमखास भेटते. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात पटकीची साथ आली. स्नोने नकाशावर मृत्यू मांडले. बहुतेक खुणा ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका हापशाभोवती जमल्या. त्याने हापशाचा दांडा काढायला लावला आणि साथ थांबली. निरीक्षण, गृहीतक, प्रयोग, निष्कर्ष : चार चौकटी आणि त्यांना जोडणारे तीन बाण.

मीही ती अशीच सांगत आलो. माझे विज्ञानाचे शालेय शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढचे जे काही आहे ते ग्रंथालयात बसून, शब्दकोश शेजारी ठेवून मिळवलेले. तरी शाळांतून व्याख्यानाची बोलावणी येत आणि ही गोष्ट हुकमी ठरे. काही वर्षांपूर्वी नववीतल्या एका मुलीने विचारले, "सर, आमच्या आजीची आई सांगायची म्हणे, मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेला की पटकी जायची. मग तिच्या गोष्टीत आणि तुमच्या गोष्टीत फरक काय?" वर्ग हसला. मीही हसून 'ती श्रद्धा, हे विज्ञान' असे काहीसे बोललो आणि पुढे सरकलो.

परतीच्या एसटीत ते उत्तर मला टोचू लागले. आपण सांगतो तशीच गोष्ट धरली, तर फरक काहीच नाही. दोन्हीकडे साथ येते, माणसे काहीतरी करतात, साथ जाते. एकीकडे गाडा, दुसरीकडे दांडा.

मग मी स्नोचे मूळ पुस्तक मिळवले : 'ऑन द मोड ऑफ कम्युनिकेशन ऑफ कॉलरा', १८५५ची दुसरी आवृत्ती. त्यात दिवसवार कोष्टक आहे. १ सप्टेंबरला १४३ जणांना जीवघेणी लागण झाली. पुढे आकडा एकंदरीत उतरत गेला आणि ८ सप्टेंबरला, म्हणजे दांडा निघाला त्या दिवशी, तो १२वर आला होता. साथ आधीच ओसरली होती. स्नोने हे लपवलेले नाही. लोक घरे सोडून पळाल्यामुळे साथ घटली होती, त्यामुळे दांडा काढल्याचा परिणाम किती हे ठरवता येत नाही, असे तो स्वतःच मांडतो. आपल्या सर्वांत नाट्यमय पुराव्याला स्वतःच कात्री लावणारा हा लेखक आपल्या लेखांतून कुठे हरवला?

त्याचा खरा पुरावा वेगळ्या जातीचा आहे. पटकी पिण्याच्या पाण्यातून पसरते हे मत त्याने १८४९ सालीच छापले होते. म्हणजे नकाशाच्या पाच वर्षे आधी. चौकटींचा क्रम इथेच मोडतो. कल्पना आधी होती. तिच्यामुळेच कुठे पाहायचे हे त्याला कळले. आणि त्याने पाहिले ते नेमके न जुळणाऱ्या जागी. हापशाजवळच्या दारूभट्टीत सत्तरहून अधिक कामगार, पण एकही मेला नाही : ते मद्य पीत आणि भट्टीची विहीर वेगळी होती. शेजारच्या अनाथ-निराधारांच्या आश्रमात ५३५ माणसे, मृत्यू फक्त पाच : तिथेही स्वतःची विहीर. उलट दूर हॅम्पस्टेडला, जिथे पटकी नव्हतीच, एक वृद्ध विधवा दगावली : तिला या हापशाच्या पाण्याची चव आवडे म्हणून ती ते रोज मागवत असे.

तरीही पुस्तकाचा कणा सोहोत नाही; तो दक्षिण लंडनमध्ये आहे. तिथे दोन कंपन्यांचे नळ एकाच गल्लीत, शेजारशेजारच्या घरांत होते. लॅम्बेथ कंपनीने १८५२मध्ये आपले पाणी थेम्सच्या वरच्या, स्वच्छ भागातून घ्यायला सुरुवात केली होती. साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल शहराच्या सांडपाण्याने दूषित झालेलेच पाणी उचलत होती. हवा तीच, गरिबी-श्रीमंती तीच, फरक फक्त पाण्याचा. स्नो दारोदार गेला. कंपनीचे नाव ठाऊक नसलेल्या घरांत त्याने पाण्यातल्या मिठाचे प्रमाण तपासून कंपनी ओळखली. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत दर दहा हजार घरांमागे एकीकडे ३१५ मृत्यू, दुसरीकडे ३७.

मुलीला मी द्यायला हवे होते ते उत्तर इथे आहे. गाडा ओढणारी माणसे आंधळी नव्हती. गाड्यानंतर साथ उतरते हे त्यांचे निरीक्षण पुष्कळदा खरेही असेल, कारण गाडा निघे तो कहर झाल्यावर. पण गाडा न नेलेल्या गावाचा हिशेब कुणी ठेवला नाही. दक्षिण लंडन हे स्नोचे 'गाडा न नेलेले गाव' होते.

या कथेत आणखी एक माणूस आहे, त्याला आपण गाळतो. हेन्री व्हाइटहेड हा सोहोतला तरुण पाद्री. वैद्यकाशी संबंध नाही, पण गल्लीतली माणसे नावानिशी ओळखीची. स्नोचे म्हणणे खोडून काढायचे म्हणून तो घरोघर हिंडला आणि पुरावा उलट दिसताच त्याने मत बदलले. हापशासमोरच्या ४० नंबरच्या घरातले तान्हे मूल साथीच्या आधी आजारी पडले होते, त्याचे लंगोट धुतलेले पाणी तळघराजवळच्या मैलाकुंडात टाकले जाई, हे त्यानेच शोधले. विहीर उकरली तेव्हा कुंडातून विहिरीत पाझर असल्याचे आढळले. आणखी एक गोष्ट निघाली : त्या मुलाचा बाप ८ सप्टेंबरलाच आजारी पडला होता. म्हणजे दांडा निघाला नसता तर दुसरी लाट उसळली असती, असे मानायला जागा आहे. दांड्याला श्रेय मिळाले ते चुकीच्या कारणासाठी. खरे कारण असेल तर हे.

व्हाइटहेड मला जवळचा वाटतो, कारण वैद्यकाची पदवी नसलेल्यालाही या कामात जागा आहे हे तो दाखवतो. पण त्याच्या आडून एक पळवाट मी स्वतःला नाकारतो. स्नोचे म्हणणे १८५५मध्ये आरोग्य मंडळाच्या समितीने फेटाळले, हे सांगून आज कुणीही भोंदू स्वतःची तुलना त्याच्याशी करतो. आमच्यासारख्या स्वयंशिक्षितांनाही हा मोह होतो : तज्ज्ञांनी नाकारले, म्हणजे आपण बरोबर. स्नो नाकारला गेला म्हणून खरा ठरला नाही. त्याने घर, कंपनी, आकडा असे सारे उघड मांडले होते, म्हणून विरोधक तपासायला जाऊ शकला.

आता शाळेत गेलो की दांडा निघाल्यावर गोष्ट संपवत नाही. फळ्यावर कोष्टक लिहितो आणि विचारतो, साथ कधी उतरू लागली? थोड्या वेळाने मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणते, "सर, पण ही तर आधीच कमी होतेय." त्या मुलीची मात्र पुन्हा भेट झालेली नाही, तिचे उत्तर माझ्याकडे राहिले आहे.