‘डॉट’ आणि कुंकू : अमेरिकी लोकरंजनातील भारतीय प्रतिमेविषयी

‘रिप्रेझेंटेशन’ या इंग्रजी संज्ञेला मराठीत एकच एक प्रतिशब्द सापडत नाही, ही आपल्या समीक्षा-परिभाषेतील उणीव आहे असे सामान्यतः मानले जाते. मला ती उणीव वाटत नाही. कोणाच्या तरी वतीने बोलणे ते प्रतिनिधित्व. आणि कादंबरीत, चित्रात, रंगमंचावर कोणाला तरी उभे करणे ते चित्रण. गायत्री स्पिव्हाक यांनी १९८८ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात जर्मन भाषेतील दोन क्रियापदांचा आधार घेऊन जो भेद कष्टाने मांडला, तो मराठी विद्यार्थी घरूनच घेऊन येतो. अडचण इतकीच की, वर्गात आल्यावर आपण त्याला इंग्रजी संज्ञा शिकवतो आणि हा भेद विसरायला लावतो.

हे सुचण्याला एक प्रसंग कारण झाला. एम.ए.च्या वर्गात ‘प्रतिमा आणि पूर्वग्रह’ या विषयावर चर्चा चालू असताना ‘द सिम्पसन्स’ या अमेरिकी व्यंगचित्रमालिकेतील अपू या दुकानदाराचा उल्लेख निघाला. नाशिकच्याच एका विद्यार्थिनीने सांगितले, “सर, आम्ही तो बघून हसतो. तो आमच्याविषयी आहे असे कधी वाटलेच नाही. पण माझी मावसबहीण एडिसनला वाढली. तिच्यासमोर त्याचे नाव काढलेले तिला चालत नाही.” एकाच घराण्यातील दोन मुली, एकच पात्र आणि दोन वाचने. एकीला ते केवळ चित्रण आहे. दुसरीच्या बाबतीत ते तिला न विचारता तिच्या वतीने शाळेत हजर झालेले आहे. प्रस्तुत विवेचनाचा विषय या दोघींमधील अंतर हा आहे.

अपूची मालिकेतील सुरुवात १९९० ची. त्याचे नाव सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’पासून सुरू होणाऱ्या चित्रत्रयीतून उचललेले, आडनाव मात्र कोणत्याही भारतीय भाषेत न बसणारे, उच्चारताना जीभ अडखळवणारे. त्याला आवाज दिला हँक अझारिया या गोऱ्या अमेरिकी नटाने, आणि त्या आवाजामागे पीटर सेलर्सने १९६८ च्या ‘द पार्टी’ या चित्रपटात तोंडाला रंग फासून उभ्या केलेल्या हृंदी बक्षीची सावली आहे. म्हणजे हा हेल केवळ भारतीयांकडून ऐकून घेतलेला नाही. तो काही अंशी एका नकलेची नक्कल आहे. बंगाली, तेलुगू, गुजराती, मराठी माणसे इंग्रजी बोलताना आपापल्या परीने चुकतात. अपू यांपैकी कोणाच्याच परीने चुकत नाही. त्याचा हेल भारतातील नाही, तो अमेरिकी कानातील आहे. २०१७ मध्ये हरी कोंडाबोलू या विनोदकाराने ‘द प्रॉब्लेम विथ अपू’ हा माहितीपट केला आणि त्यानंतरच्या वादात, २०२० च्या जानेवारीत, अझारियाने आपण हा आवाज यापुढे देणार नसल्याचे जाहीर केले. (त्याआधी अझीझ अन्सारीच्या ‘मास्टर ऑफ नन’ या मालिकेचा एक संपूर्ण भाग याच प्रश्नावर होता, पण तो प्रामुख्याने नटांच्या रोजगाराचा विचार करतो, म्हणून येथे बाजूला ठेवतो.)

येथवर बहुतेक अभ्यासक सहमत होतील. ज्याचा समाज त्याचाच नट आणि त्याचाच आवाज, हे सूत्र नैतिकदृष्ट्या सोयीचे आहे. समीक्षेच्या दृष्टीने मात्र ते अपुरे आहे आणि त्याचा पुरावा नाशिककरांच्या अंगणातच आहे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती झाले ते अण्णा साळुंके हे पुरुष नट, कारण स्त्रिया पडद्यावर यायला तयार नव्हत्या. त्यानंतर फाळके आपला संसार आणि कॅमेरा घेऊन नाशिकला आले, आणि त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या स्त्रिया प्रथमच पडद्यावर आल्या. चित्रपटाच्या इतिहासात ही मोठी घटना म्हणून नोंदवली जाते, आणि ती तशी आहेच. परंतु कमलाबाईंच्या वाट्याला आलेली भूमिका कोणती, हे सहसा कोणी पाहत नाही. मोहिनी म्हणजे विष्णूने घेतलेले स्त्रीरूप. प्रत्यक्ष स्त्री पडद्यावर आली ती एका पुरुषाने कल्पिलेल्या स्त्रीचे सोंग घेऊन. नट बदलला, भूमिका ज्याच्या नजरेतून रचली गेली ती नजर बदलली नाही. अपूला उद्या एखाद्या भारतीयाने आवाज दिला तर काय होईल, याचा अंदाज या उदाहरणावरून बांधता येतो.

उलट बाजूचेही उदाहरण आहे. मीरा नायर यांच्या १९९१ च्या ‘मिसिसिपी मसाला’त इदी अमीनने १९७२ मध्ये युगांडातून हाकललेले एक भारतीय कुटुंब अमेरिकेच्या दक्षिणेतील एका गावी, मोटेलवाल्या गुजराती मंडळींत येऊन राहते. या मंडळींतील एक मोहन आगाशे यांनी उभा केला आहे. ‘घाशीराम कोतवाल’मधला नाना फडणवीस ज्यांनी पाहिला आहे, त्या मराठी प्रेक्षकाला तेथे गंमत वाटते : पुण्याच्या पेशवाईतला नाना मिसिसिपीत गुजराती व्यापारी म्हणून वावरतो, आणि समोरच्या अमेरिकी प्रेक्षकाला त्यातले काहीच कळत नाही. १९६० च्या आधीची आणि नंतरची आपली भांडणे, भाषेच्या सीमा, मुंबई कोणाची हा प्रश्न, हे सगळे ‘दक्षिण आशियाई’ या एका शब्दात विरघळून जाते. हा शब्द आपण येथे स्वतःसाठी वापरत नाही. तेथे गेल्यावर तो अंगावर चढवला जातो. तरीही या चित्रपटाचा विनोद बोचत नाही. त्याचे कारण नट भारतीय आहेत हे नव्हे. त्यातला विनोद भारतीय माणसाच्या काळ्या अमेरिकनांविषयीच्या तुच्छतेकडे वळवलेला आहे, हे आहे. स्वतःच्या वतीने बोलताना स्वतःचे वाईटही बोलता येणे, ही प्रतिनिधित्वाची मला वाटते खरी कसोटी आहे.

प्रतिमा पडद्यावर राहिली असती तर हा सगळा विचार पंडिती ठरला असता. १९८७ च्या उन्हाळ्यात न्यू जर्सीतील जर्सी सिटीत ‘डॉटबस्टर्स’ असे नाव घेतलेल्या टोळीचे एक पत्र स्थानिक वृत्तपत्रात छापून आले. भारतीयांना शहरातून हुसकावण्यासाठी काहीही करू, असा त्याचा आशय होता. ‘डॉट’ म्हणजे स्त्रियांच्या कपाळावरचे कुंकू. चिन्हमीमांसेच्या विद्यार्थ्याने या एका शब्दाशी थांबावे. मराठीत कुंकू आणि टिकली यांत फरक आहे. सवाष्णीचे कुंकू, कुमारिकेचे कुंकू आणि पुसलेले कुंकू यांत तर आयुष्यांचा फरक आहे. विधवेच्या मोकळ्या कपाळाने आपल्याकडे किती कथा-कादंबऱ्यांना विषय पुरवला, हे सांगायला नको. या सर्व अर्थभेदांतून उरला तो एक ठिपका. आणि त्याच सप्टेंबरात शेजारच्या होबोकेनमध्ये ज्या भारतीयाला मारहाण झाली व जो चार दिवसांनी मरण पावला, तो तीस वर्षांचा बँक-अधिकारी पुरुष होता आणि पारशी होता. त्याच्या कपाळी कुंकू असण्याचा प्रश्नच नव्हता. हल्लेखोरांचा त्या टोळीशी थेट संबंध होता की नाही, हा वेगळा प्रश्न. तेथील भारतीय वस्तीने मात्र ती घटना त्या पत्राच्या उजेडातच वाचली. प्रतिमा ज्याच्यावरून बेतलेली असते त्याच्याच डोक्यात पडते असे नाही. ती जो जवळ सापडेल त्याच्या डोक्यात पडते. विद्यार्थिनीच्या मावसबहिणीला अपूचे हसू का येत नाही, हे समजण्यासाठी त्याच राज्यातला हा इतिहास लक्षात घ्यावा लागतो.

परंतु आपण येथे बसून अमेरिकेला नावे ठेवावीत, इतके आपले हात स्वच्छ आहेत काय? मराठी वगातला मारवाडी सावकार, व्यावसायिक नाटकातला ‘अय्यो’ म्हणणारा अण्णा, दुधाच्या किटल्या वाहणारा भय्या यांची जात अपूचीच आहे. दुकानदार, हेल आणि हमखास हशा हे तीनही घटक जागच्या जागी. त्यांच्यावर कोणी माहितीपट केला नाही, एवढेच. या ठिकाणी पु. ल. देशपांडे यांचे ‘हंड्रेड पर्सेंट पेस्तनकाका’ वाचण्यासारखे आहे. पारशाची बोली हा तेथेही विनोदाचा मोठा भाग आहे आणि ती लिहिणारा पारशी नाही. तरी पेस्तनकाकांना स्वतःची मते आहेत, स्वतःचा तोरा आहे, आणि निवेदकाला गप्प बसवण्याचा हक्क आहे. हेल काढून टाकला तरी माणूस शिल्लक राहतो. अपूचा हेल काढून टाकला की शिल्लक राहते ते दुकान. (२००७ मध्ये सिम्पसन्सच्या चित्रपटाच्या जाहिरातीसाठी ‘सेव्हन-इलेव्हन’ कंपनीने आपली डझनभर दुकाने अपूच्या दुकानासारखी सजवली होती, व्यापाऱ्यांना हे समीक्षकांच्या आधी कळले होते असे दिसते.)

याहून अवघड प्रश्न जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’ने निर्माण केला आहे. अमेरिकेत गेलेला मुलगा आणि मागे उरलेले नाना-नानी ही सत्तरीच्या दशकातली घट्ट प्रतिमा. मराठी मध्यमवर्ग तिच्यापुढे रडला आणि अजूनही रडतो. नाटक म्हणून त्याची ताकद मी कमी लेखत नाही. पण अमेरिकेतला मराठी माणूस त्यात आपल्याला भेटतो तो पत्रांतून आणि आई-वडिलांच्या तोंडून. न येणे हाच त्याचा स्वभाव ठरवून टाकलेला आहे. तेथे तो कोणाच्या डोळ्यांत खुपतो, कोणत्या रस्त्याने घरी परततो, त्याच्या बायकोच्या कपाळाकडे कोण कसे पाहते, हे विचारण्याची जागाच त्या रचनेत नाही. अमेरिकी लोकरंजनाने त्याला हास्यास्पद केले. आपल्या रंगभूमीने त्याला अपराधी केले. दोन्हीकडे तो स्वतः गैरहजर राहिला. परदेशस्थ मराठी लेखकांनी आपल्या नियतकालिकांतून आणि कथांतून याची भरपाई करण्याचा प्रयत्न केला, पण आपल्या अभ्यासक्रमांनी त्यांच्या लेखनाला ‘अनुभवकथन’ म्हणून कडेला बसवले.

वस्तुतः मराठीत या प्रश्नाची सुरुवात फार आधी आणि फार वरच्या पातळीवर झाली होती. फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातील १८८५ चे एक छायाचित्र सर्वपरिचित आहे : आनंदीबाई जोशी, त्यांच्या शेजारी एक जपानी आणि एक सीरियातील विद्यार्थिनी, तिघी आपापल्या देशाच्या वेषात. छायाचित्र गौरवाचे आहे यात शंका नाही. पण त्यात तिघींना व्यक्ती म्हणून बसवले आहे की देश म्हणून? चित्रण आणि प्रतिनिधित्व येथे एकाच काचेवर उमटले आहे, आणि त्यात आनंदीबाईंना स्वतः काय म्हणायचे आहे हे ऐकण्यासाठी आपल्याला काशीबाई कानिटकरांनी १८८९ मध्ये सिद्ध केलेल्या मराठी चरित्रातील पत्रांकडे यावे लागते.

१८८६ च्या मार्चमधील आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. पुढच्या वर्षी त्यांनी अमेरिकी वाचकांसाठी ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे इंग्रजी पुस्तक फिलाडेल्फियात प्रसिद्ध केले. प्रस्तावना त्याच महाविद्यालयाच्या प्रमुख रेचल बॉडली यांची. हे पुस्तक अमेरिकेला हवे होते तेच देते असा आक्षेप त्यावर घेतला गेला आहे, आणि तो सर्वस्वी खोटा नाही; परदेशात आपल्या स्त्रियांच्या वतीने बोलायचे तर त्यांच्या दुःखाचे चित्र त्या श्रोत्याला समजेल अशा रंगांत काढावे लागते. मात्र त्याच रमाबाईंनी १८८९ मध्ये मराठीत ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ लिहिले. ‘लोकस्थिति’ हा शब्द पाहावा. एतद्देशीयांची स्थिती वर्णन करणे हा साहेबाच्या लेखनाचा प्रांत. रमाबाईंनी तोच साचा उचलून अमेरिकेवर ठेवला. तेथील स्त्रियांच्या संघटनांचे मनःपूर्वक कौतुक केले आणि मूळ रहिवाशांना व काळ्या लोकांना मिळणारी वागणूकही नोंदवली. एकाच लेखिकेची दोन पुस्तके, दोन वर्षांच्या अंतराने, दोन वाचकवर्गांसाठी. एकात ती दाखवली जाणाऱ्यांची वकील आहे, दुसऱ्यात ती पाहणारी आहे.

या दुसऱ्या पुस्तकाचा मीरा कोसंबी यांनी केलेला इंग्रजी अनुवाद अमेरिकेत प्रसिद्ध झाला तो २००३ साली. म्हणजे अमेरिकेविषयी एका मराठी बाईने काय लिहून ठेवले होते हे अमेरिकी वाचकापर्यंत पोहोचायला एकशे चौदा वर्षे लागली. त्याच्या आत अपूने तेरा वर्षे दुकान चालवले होते. आता तो आवाज थांबला आहे. मालिकेत तो अधूनमधून मागच्या गर्दीत उभा दिसतो, बोलत नाही. आमच्या वर्गातील त्या विद्यार्थिनीने सत्राच्या निबंधासाठी रमाबाईंचे मराठी पुस्तक निवडले आणि त्याची एक प्रत एडिसनला पाठवली. मावसबहिणीला देवनागरी वाचता येत नाही, म्हणून दर रविवारी फोनवरून ही तिला चार-चार पाने वाचून दाखवते. सध्या दोघी फिलाडेल्फियापर्यंत आल्या आहेत.