पित्ताची गोळी आणि ३२२ माणसं

मागच्या महिन्यात आईनं पित्ताची गोळी परस्पर बंद केली. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज फिरत होता की ही गोळी घेणाऱ्यांना किडनीच्या आजाराचा धोका पन्नास टक्के जास्त, आणि खाली "अमेरिकेतलं संशोधन" एवढंच. मी पीएचडी करतेय म्हणजे मला माहीत असणारच, या भरवशावर प्रश्न माझ्याकडे आला. मला माहीत नव्हतं, माझा विषय वेगळा आहे. मग मूळ पेपर शोधला आणि पनवेल लोकलमध्ये जाता-येता दोन दिवस वाचला. कन्फाउंडिंगची व्याख्या पाठ करून तुम्ही कंटाळला असाल, तर हा पेपर एकदा हातात घ्याच.

पेपर आहे लझारस आणि सहकाऱ्यांचा, २०१६ चा, 'जामा इंटर्नल मेडिसिन'मधला. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल वगैरे गोळ्यांना प्रोटॉन पंप इन्हिबिटर म्हणतात. जठरात आम्ल सोडणारा पंपच त्या बंद करतात. लेखकांनी 'एरिक' नावाच्या जुन्या अमेरिकन अभ्यासातली १०,४८२ माणसं घेतली. सुरुवातीला सगळ्यांच्या किडन्या ठीक होत्या. मग साधारण चौदा वर्षांत कोणाला क्रॉनिक किडनी डिसीज झाला ते पाहिलं. हॅझार्ड रेशो आला १.५०. मेसेजमधले पन्नास टक्के ते हे.

आता तोच पेपर आणखी पुढे वाचा. दहा वर्षांत गोळी घेणाऱ्यांमधला धोका ११.८ टक्के, आणि त्याच लोकांनी गोळी घेतली नसती तर अपेक्षित ८.५ टक्के. म्हणजे शंभरातली तीन-साडेतीन माणसं जास्त. हे आकडे कुणी लपवलेले नाहीत, पण मेसेज बनवणाऱ्याला 'पन्नास' आवडला. आणि ८.५ हा आकडा कुणी मोजलेला नाही, तो मॉडेलमधून आलाय. "घेतली नसती तर" असं जग कुणी पाहिलेलं नसतं.

आणि ही गोळी घेणारी माणसं किती? ३२२. त्यातल्या ५६ जणांना आजार झाला. सगळी इमारत या ५६ जणांवर उभी आहे. शिवाय ही नोंद १९९६ ते १९९९ मधली आहे, तेव्हा अमेरिकेत ही गोळी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नव्हती. मग ती कोणाला मिळत असेल? पहिल्या टेबलमध्ये बघा: गोळी घेणाऱ्यांमध्ये लठ्ठपणा जास्त, रक्तदाबाची औषधं घेणारे जास्त. दोन्ही गोष्टी गोळी नसतानाही किडनीला त्रास देतात. लेखकांनी त्या गणितात धरल्या आहेत. पण जे मोजलं, तेवढंच गणितात धरता येतं.

तरी मला हा पेपर आवडला, हेही सांगते. लेखकांनी तुलना फक्त गोळी न घेणाऱ्यांशी केली नाही, ॲसिडिटीवरच्या जुन्या एच-टू ब्लॉकर प्रकारच्या औषधांशीही केली. त्रास तोच, औषध वेगळं. तरी फरक दिसलाच. मग पेनसिल्व्हेनियातल्या सुमारे अडीच लाख पेशंटांच्या नोंदींवर पुन्हा तपासलं. तिथे १.५० चा १.१७ झाला, आणि दिवसातून दोनदा घेणाऱ्यांमध्ये धोका एकदा घेणाऱ्यांपेक्षा जास्त निघाला. हा डोसचा पुरावा सहज झटकता येत नाही. पण ज्याची जळजळ जास्त त्यालाच दोनदा दिली जाते, हेही विसरू नका.

अशा वेळी नाणेफेक लागते, म्हणजे रँडमाइज्ड ट्रायल. ती झालीही. 'कंपास' ट्रायलमध्ये हृदयविकाराच्या १७,५९८ पेशंटांना पँटोप्राझोल ४० मिलिग्रॅम किंवा तशीच दिसणारी खोटी गोळी दिली, साधारण तीन वर्षं. (आई घेते तीच गोळी, तोच डोस.) २०१९ मध्ये निकाल आला. आतड्याचे संसर्ग वाढले, १.० टक्क्यावरून १.४ टक्के. बाकी काही ठामपणे वाढलं नाही. किडनीचा आजार गोळीच्या गटात किंचित जास्त होता, पण तेवढा फरक योगायोगानंही पडतो. जर्नल क्लबमध्ये कुणी "म्हणजे विषय संपला" म्हणालं, तर त्यांना विचारा: तीन वर्षं पाहिलं, चौदा वर्षांचं काय?

मेसेजमध्ये आणखी एक घोळ होता. २०१९ मध्येच भारताच्या औषध महानियंत्रकांनी या गोळ्यांच्या माहितीपत्रकात ॲक्यूट किडनी इंज्युरीची नोंद करायला सांगितलं, आणि मेसेजवाल्यानं तेही त्याच वाक्यात कोंबलं होतं. ती किडनीला अचानक होणारी इजा, वर्षानुवर्षं हळूहळू होणारा आजार वेगळा. दोन्हीचा पुरावाही वेगळा वाचावा लागतो.

इकडे आईची जळजळ चौथ्या दिवशी दुपटीनं परत आली. "बघ, सवय लागलीय," ती म्हणाली. डेन्मार्कमध्ये १२० निरोगी लोकांवर, म्हणजे ज्यांना ॲसिडिटी नव्हतीच त्यांच्यावर, एक प्रयोग झाला होता. एका गटाला आठ आठवडे ही गोळी दिली आणि मग नकळत खोटी सुरू केली. त्यानंतरच्या आठवड्यांत ४४ टक्के लोकांना जळजळीसारखा त्रास झाला. पहिल्यापासून खोटी गोळी घेणाऱ्यांमध्ये १५ टक्के. पंप दाबून ठेवला की शरीर आम्ल बनवायची तयारी वाढवतं, आणि गोळी सुटली की ते उसळतं. म्हणून ती कमी करायची तर डॉक्टरांना विचारून, शक्यतो टप्प्याटप्प्यानं.

पण खरी गोष्ट मला उशिरा कळली. आईला ही गोळी मुळात गुडघ्याच्या डायक्लोफेनॅकसोबत मिळाली होती, पोटाला अल्सर होऊ नये म्हणून. तिनं पित्ताची बंद केली आणि डायक्लोफेनॅक चालू ठेवली. ती पोटालाही त्रास देते आणि किडनीलाही, पण तिच्याबद्दल ग्रुपवर मेसेज आला नव्हता.

हे तिला समजावताना मी कागदावर बाण काढले. गोळीपासून किडनीकडे एक, गुडघ्यापासून दोन्ही गोळ्यांकडे दोन, डायक्लोफेनॅकपासून किडनीकडे आणखी एक. तिनं चष्मा लावून पाहिलं आणि विचारलं, "मग तुझ्या त्या पेपरातली माणसं गुडघ्यासाठी काय घेत होती?"

शनिवारी दोन्ही पाकिटं घेऊन डॉक्टरांकडे जातोय. क्रिएटिनिनची तपासणीही करायची आहे, ती दोन वर्षांत झालेली नाही.