वर्डप्रेस आणि आपली लिपी

शाळेचे संकेतस्थळ स्वतःच बनवू पाहणारा ठाणे-डोंबिवलीकडचा शिक्षक बहुधा वर्डप्रेसलाच हात घालतो. मॅट मलनवेग आणि माइक लिटल यांनी २००३ साली आणलेली ही प्रणाली फुकट मिळते आणि करून-बघून शिकायला खरोखरच चांगली आहे. मूळ थीमच्या फाइलींत केलेले बदल नवी आवृत्ती आली की पुसले जातात. म्हणून ‘चाइल्ड थीम’ करावी आणि तिच्यात हवे ते प्रयोग करावेत.

अडते ते लिपीपाशी. मथळ्यातील अक्षरांमध्ये अंतर सोडणारी ओळ इंग्रजीत शोभते, मराठीत शिरोरेषा तोडते. हा दोष निदान डोळ्यांना दिसतो! ते अंतर शून्य केले की झाले.

पत्त्याचे दुखणे लपलेले आहे. लेखाचा पत्ता शीर्षकावरून तयार होतो. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेते, आणि पत्त्यात प्रत्येक बाइटला टक्केचिन्हासह ३ जागा लागतात. म्हणजे काना-मात्रा धरून ४ चिन्हांचे ‘ठाणे’ ३६ जागा खाते. ‘कल्याण’ ५४, ‘डोंबिवली’ ७२. मर्यादा मात्र २००! ‘ठाणे कल्याण डोंबिवली विज्ञान मेळावा’ असे शीर्षक दिले तर पत्ता ‘विज’पाशीच तुटतो. का, ते मुलांना मोजायला सांगा. पत्ता हाताने आखूड करता येतो, पण तो तुटला आहे ही सूचना नवशिक्याला कोणीच देत नाही. एवढ्या वर्षांत ती यायला हवी होती.